वाटाणे, काड्या आणि ज्वारीचे धांडे
मोकळ्या रचनाखेळांची गोष्ट

खेळण्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. काही खेळण्यांचं एकच काम ठरलेलं असतं. चावीची मोटार चावी दिली की पळते. कोड्याच्या चित्राचे तुकडे जुळले की चित्र पूर्ण होतं आणि खेळही संपतो. दुसऱ्या प्रकारात वाळू, चिखल, ठोकळे, काड्या, दगडगोटे अशा गोष्टी येतात. त्यांचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. आज त्यांचा वाडा होतो, उद्या धरण, परवा आणखी काही. या दुसऱ्या प्रकाराला आपण 'मोकळे रचनाखेळ' म्हणू या.

चावीची मोटार आठवड्याभरात कोपऱ्यात पडते, पण वाळूच्या ढिगावरून मुलांना उठवून न्यावं लागतं. हा अनुभव सर्वांनाच आहे. असं का होत असावं? त्यासाठी या खेळांचा इतिहास थोडा तपासून पाहू.

शिरड शहापूरचा कारखाना

सुरुवात आपल्याच भागातून करू. शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. काळ्या जमिनीचा हा मुलूख. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर असल्याने ती ओली असताना हवा तो आकार घेते. पोळ्याच्या आसपास मराठवाड्यातल्या गावोगावी मातीचे बैल तयार होतात ते त्यामुळेच. वाळताना हीच माती आकसते आणि तडकते. बैलाचं शिंग किंवा पाय वाळल्यावर का तुटतो, आणि मातीत थोडं भुसकट मिसळलं तर तडे कमी का जातात, हे मुलं हाताने शिकतात.

दुसरं साहित्य ज्वारीच्या धांड्याचं. कडब्यातलं एक वाळलं ताट घ्यायचं आणि त्याची कडक, गुळगुळीत साल उभी सोलून काढायची. आत पांढरा, हलका, स्पंजासारखा भेंडा असतो. भेंड्याचे हवे तेवढे तुकडे करायचे आणि सालीच्या अणकुचीदार काड्या त्यांत खुपसून ते जोडायचे. झाली बैलगाडी, नांगर नाही तर चष्मा! मराठवाड्यातच नव्हे, जिथे जिथे ज्वारी पिकते तिथल्या कित्येक पिढ्या या खेळावर वाढल्या आहेत.

या साहित्याकडे जरा तांत्रिक नजरेने पाहा. यात भाग दोनच आहेत. एक मऊ, तो सांध्याचं काम करतो. दुसरा ताठ, तो दांडीचं काम करतो. जोडायला डिंक लागत नाही की खिळा. चुकलं तर उपसून पुन्हा खुपसता येतं. जगातल्या सगळ्या नामांकित रचनाखेळांचं मूळ तत्त्व हेच आहे. भाग थोडे, जोडण्याची रीत एक आणि मोडण्याची मुभा पूर्ण.

फ्रोबेलचे वाटाणे

शाळेच्या इतिहासात या तत्त्वाला पहिल्यांदा मानाची जागा दिली ती जर्मनीतल्या फ्रीड्रिश फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्यांनी लहान मुलांसाठी एक संस्था काढली. १८४० मध्ये त्यांनी तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. त्याआधी बर्लिनमध्ये त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला होता. एकाच साध्या आकाराची पुन्हा पुन्हा मांडणी होऊन मोठा, रेखीव स्फटिक बनतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

त्यांनी मुलांसाठी तयार केलेल्या साहित्याला ते 'भेटी' म्हणत. पहिल्या भेटीत लोकरीचे चेंडू होते. दुसरीत लाकडी गोल, दंडगोल आणि घन. तिसऱ्या भेटीत एकच घन होता, पण तो आठ छोट्या घनांत विभागलेला. तो उलगडायचा, त्याची खुर्ची, पायऱ्या, भिंत काहीही करायचं आणि शेवटी पुन्हा एकसंध घन करून पेटीत ठेवायचा. त्यांच्या साहित्यात आणखी एक उद्योग होता. भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या. वाटाण्यात काडी खुपसायची, तिच्या दुसऱ्या टोकाला दुसरा वाटाणा. वाटाणे वाळले की सांधा घट्ट होतो. आपला धांड्याचा खेळ आणि फ्रोबेलचा हा उद्योग सख्खी भावंडं शोभावीत इतके सारखे आहेत.

सरकारला मात्र या बागेची भीती वाटली. १८५१ मध्ये प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली. ती उठली १८६० साली, फ्रोबेलच्या मृत्यूनंतर. तोवर त्यांचे अनुयायी ही कल्पना घेऊन देशोदेशी पसरले होते.

तिथेच एक गंमतही झाली, आणि शिक्षक म्हणून आपण ती लक्षात ठेवायला हवी. अनुयायांच्या हाती आल्यावर भेटींची कवायत झाली. सगळ्यांनी एकदम पेटी उघडायची, बाई सांगतील तसा ठोकळा ठेवायचा, सर्वांची खुर्ची एकसारखी! साहित्य मोकळं होतं, पण वापर बंदिस्त झाला.

तरीही या साहित्यातून काय निघू शकतं याची दोन प्रसिद्ध उदाहरणं आहेत. अमेरिकेतले विख्यात वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात फ्रोबेलच्या भेटी पाहिल्या आणि मुलासाठी आणल्या. आपल्या इमारतींच्या मुळाशी ते ठोकळे आहेत, असं राइट म्हातारपणीही सांगत.

दुसरं उदाहरण बकमिन्स्टर फुलर यांचं. १८९९ च्या सुमारास ते बालवर्गात होते. नजर अधू आणि अजून चष्मा लागलेला नव्हता. वाटाणे आणि काड्या हाती आल्यावर इतर मुलांनी घरांसारखे चौकोनी सांगाडे केले. फुलरना घरं नीट दिसतच नव्हती. त्यांनी नुसतं चाचपून, जे हाताला पक्कं लागेल ते ठेवलं. त्यातून त्रिकोणांची एक जाळी तयार झाली. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली. मोठेपणी त्यांनी त्रिकोणांच्या जाळीचे प्रचंड घुमट उभारले. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातला घुमट त्यांतला एक. १९८५ मध्ये कार्बनच्या ६० अणूंचा पोकळ, चेंडूसारखा रेणू सापडला, तेव्हा त्याला फुलर यांचंच नाव देण्यात आलं. त्या शोधाला १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

त्रिकोणच का?

हे वर्गात करून पाहण्यासारखं आहे. आगपेटीच्या काड्यांचा गुल काढून टाका. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे सांधे म्हणून वापरा. चार काड्यांचा चौकोन करा. बोटाने दाबला की तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा. तो हलत नाही.

आता घन करा. ८ कोपरे, १२ काड्या. तो उभाच राहणार नाही. तो ताठ करायला किती काड्या आणखी लागतील? जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली दिलेला एक हिशोब इथे कामाला येतो. कोपऱ्यांच्या संख्येची तिप्पट करून तीतून ६ वजा करा. निदान तेवढ्या दांड्या हव्यात. घनासाठी ३ × ८ − ६ = १८. म्हणजे आणखी ६ हव्यात. घनाला पृष्ठं ६ असतात. प्रत्येक पृष्ठावर एक कर्ण टाकला की काम झालं! काडी ५ सेंटिमीटरची असेल तर कर्ण साधारण ७ सेंटिमीटरचा लागेल. का, ते आठवीनववीची मुलं पायथागोरसवरून सांगतील. चार कोपऱ्यांच्या चतुष्फलकासाठी हिशोब येतो ३ × ४ − ६ = ६, आणि त्याला मुळातच ६ कडा असतात. म्हणून तो पहिल्यापासूनच ताठ असतो. गावाजवळचा विजेचा मनोरा किंवा लोखंडी पूल आता पुन्हा पाहायला सांगा.

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबची ही युक्ती आपल्याकडे रुजवली अरविंद गुप्ता यांनी. पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंता असताना १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला (आताचं नर्मदापुरम) गेले. तिथे १९७२ पासून गावच्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू होता. बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या ट्यूबमधून त्यांनी हे सांधे बनवले आणि पुढे आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून विज्ञान दाखवलं. तो होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. काडीपेटीचा मेकॅनो मात्र देशभरच्या शाळांत पोचला.

मेकॅनो आणि लेगो

ज्या मेकॅनोवरून हे नाव आलं, तो लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या मुलांसाठी बनवला आणि १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. धातूच्या पट्ट्या, त्यांत अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं आणि नटबोल्ट. हे निव्वळ पोरखेळ नव्हते. १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचेच भाग मुख्यतः वापरून अवकल समीकरणं सोडवणारं चालतं यंत्र उभं केलं.

डेन्मार्कमधल्या एका सुताराच्या कारखान्यातून १९३२ मध्ये लाकडी खेळणी निघू लागली. तिथूनच पुढे लेगोचे प्लॅस्टिकचे ठोकळे आले. १९५८ साली पेटंट घेतलेल्या जोडणीचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांतही चपखल बसतात. या खेळात विविधता किती? चार बाय दोन उंचवट्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे घ्या. एकावर एक किती प्रकारे बसतील?

वरचा ठोकळा खालच्याला समांतर असेल तर लांबीच्या दिशेने ७ आणि रुंदीच्या दिशेने ३ जागा, म्हणजे २१ प्रकार. आडवा असेल तर ५ × ५ = २५. एकूण ४६. पण अर्धा फेरा फिरवून पाहिलं तर यांतल्या जोड्या एकच निघतात. फक्त दोन रचना, बरोबर मध्यावर बसलेल्या, स्वतःशीच जुळतात. म्हणून उरतात ४४ ÷ २ + २ = २४. तीन ठोकळ्यांचे प्रकार होतात १,५६०. आणि सहा ठोकळ्यांचे? ९१,५१,०३,७६५! हा शेवटचा आकडा संगणकाने मोजावा लागला.

सहा ठोकळ्यांत एक्याण्णव कोटी. मोकळा खेळ संपत का नाही, याचं एक उत्तर इथे आहे. पण लेगोच्या बाबतीतही फ्रोबेलसारखंच घडलं. सुट्या ठोकळ्यांसोबत ठरावीक वस्तूंचे संच आले आणि त्यांत पायरीपायरीची चित्रं आली. चित्राबरहुकूम विमान झालं की ते फळीवर जाऊन बसतं.

एक उत्तर की अनेक?

इथे एक वाद आहे आणि तो शिक्षणातला जुना वाद आहे. मारिया माँटेसरी यांचा गुलाबी मनोरा घ्या. १ ते १० सेंटिमीटर कडांचे दहा घन. ते उतरत्या क्रमानेच रचायचे असतात. चूक झाली तर साहित्यच ती दाखवतं, शिक्षकाला बोलावं लागत नाही. हे सामर्थ्य मोठं आहे, पण उत्तर एकच आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळं वळण दिलं ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. महागडं साहित्य खेड्यात, आदिवासी पाड्यावर परवडणारं नव्हतं. म्हणून शिंपले, बिया, पानं, काटक्या, दगड हे साहित्य झालं. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंनी हे मुख्यतः खर्चासाठी केलं असेल. पण बी किंवा शिंपला हा गुलाबी घनासारखा एका जागेपुरता नसतो. मोजता येतो, मांडता येतो, रांगोळीत भरता येतो. स्वस्ताईबरोबर मोकळीकही आली.

पडद्यावरची वाळू

१९८४ मध्ये विल राइट नावाचा अमेरिकन तरुण बॉम्बफेकीचा एक संगणक खेळ तयार करत होता. बॉम्ब टाकण्यापेक्षा ती बेटं रचण्यातच जास्त मजा येते, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून १९८९ मध्ये शहर वसवण्याचा 'सिमसिटी' आला. २००९ मध्ये लोकांपुढे आलेल्या आणि २०११ मध्ये पूर्ण झालेल्या 'माइनक्राफ्ट'मध्ये तर नुसते ठोकळेच आहेत. त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. फ्रोबेलचा आठ तुकड्यांचा घन पडद्यावर परत आला, असं म्हणायला हरकत नाही.

या पडद्यावरच्या ठोकळ्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. तिथे साहित्य कधी संपत नाही, आणि दूरच्या दोघांना मिळून एक वाडा बांधता येतो. पण एक फरक जरूर पाहा. माइनक्राफ्टमध्ये वाळू आणि खडी खाली पडते, पण बहुतेक ठोकळे आधार काढला तरी हवेतच राहतात. झाडाचा बुंधा तोडला तरी वरचा भाग लटकत राहतो. काडीचा चौकोन मात्र कलंडतोच. मातीचं शिंग तडकतंच. खऱ्या साहित्याचा स्वतःचा हट्ट असतो, आणि त्या हट्टातच विज्ञान आहे.

आपल्या शाळेत

शिरड शहापूरच्या शाळेपुढे लेगोचा प्रश्न नाही. तिथला प्रश्न वेगळा आहे. गेल्या काही दशकांत मराठवाड्यात ज्वारीच्या जागी सोयाबीन मोठ्या प्रमाणावर आलं. सोयाबीनच्या काड्यांत भेंडा नसतो. ज्वारीबरोबर भाकरी आणि कडबा कमी झाला हे सगळ्यांना दिसतं. मुलांचा रचनासंच कमी झाला हे कुणाच्या हिशोबात येत नाही. ज्यांच्या लहानपणी धांड्याच्या गाड्या होत्या ते आजीआजोबा आज गावात आहेत. त्यांच्याकडून ही रीत शाळेत येऊ शकते.

धोका दुसराही आहे, तो फ्रोबेलच्या अनुयायांचा. धांडे शाळेत आणले आणि सगळ्यांना 'अशीच बैलगाडी करा, दहापैकी गुण' असं सांगितलं तर ती कवायतच होईल. आमची सूचना एवढीच. आठवड्यातला एक तास, दोन प्रकारचे भाग, एक जोडण्याची रीत, आणि नमुना समोर न ठेवणं. तासाच्या शेवटी प्रत्येकाला एकच विचारा, 'हे कुठे मोडत होतं, आणि तू काय केलंस?' उत्तरं वहीत नोंदवून ठेवा. पुढच्या महिन्यात विज्ञानाचा कोणता पाठ आधी घ्यायचा, हे त्या नोंदींवरूनच ठरवता येईल.