कोसंबींचा तराजू

आमच्या गावाच्या शिवेवर, कऱ्हेच्या खोऱ्यात, तुकाईचे ठाणे आहे. ठाणे म्हणजे शेंदूर माखलेला एक तांदळा, त्यावर सावली धरणारे लिंबाचे झाड आणि पुढे मोकळे माळरान. दोन वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी तिथे मंदिर बांधायचे ठरवले. सोबत स्मरणिका काढायची ठरली आणि देवीचा इतिहास लिहिण्याचे काम, गावातला लिहिणारा माणूस म्हणून, माझ्याकडे आले. मला घाई होती. मी संगणकावरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला देवीचे नाव, गाव आणि तालुका सांगितला. अर्ध्या मिनिटात इतिहास हजर! त्यात एक तपस्वी होता, बारा वर्षांचा दुष्काळ होता, शाप होता आणि उःशापही होता. मी चार शब्द इकडचे तिकडे केले आणि मजकूर छापखान्यात धाडला.

स्मरणिका हाती आल्यावर मोठ्या कौतुकाने आत्याला वाचून दाखवली. तिने ऐंशी कधीच ओलांडली आहे. सगळे शांतपणे ऐकून ती म्हणाली, "ऋषी कुठनं आणलास रं? तिथं मेंढरं बसायची."

हे एक वाक्य मला पुन्हा दामोदर धर्मानंद कोसंबींकडे घेऊन गेले. कॉलेजात असताना मी त्यांचे 'मिथ अँड रिअॅलिटी' वाचले होते आणि परीक्षा झाल्यावर विसरलोही होतो. या वेळी वाचताना लक्ष त्यांच्या निष्कर्षांपेक्षा पद्धतीकडे गेले. यंत्राची आकडेमोड, जमिनीची खूण आणि माणसाचे सांगणे या तिन्हींना एकाच तराजूत एकमेकांसमोर ठेवणारा असा दुसरा विद्वान आपल्याकडे क्वचितच झाला असेल.

कोसंबींचा जन्म १९०७ साली गोव्यातल्या कोसबेंचा. वडील धर्मानंद पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर अमेरिकेत गेले आणि १९२९ साली हार्वर्डमधून पदवी घेऊन परतले. बनारस आणि अलीगढनंतर १९३३ पासून पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले. त्यांना 'बहुविद्य' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गणित, आनुवंशशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत आणि इतिहास अशी यादी द्यायची आणि थक्क व्हायचे! पण यादीने काहीच उलगडत नाही. कोसंबींनी स्वतः जो प्रवास सांगितला आहे, तो एका प्रश्नातून दुसऱ्या प्रश्नाकडे जाणाऱ्या माणसाचा आहे.

संख्याशास्त्र नीट शिकायचे तर एखादा खरा प्रश्न सोडवला पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यासाठी त्यांनी आहत नाणी निवडली. चांदीचे तुकडे कापून त्यांवर चिन्हे ठोकलेली ही आपली जुनी नाणी. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकाच वजनाची म्हणून पाडलेली नाणी काळाबरोबर हलकी होतात आणि त्यांच्या वजनांतला आपापसातला फरकही वाढत जातो, कारण प्रत्येक नाण्याचे नशीब वेगळे. कोसंबींनी हजारो नाणी एकेक करून तराजूत घातली. नियम खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही वजन केली. तक्षशिलेच्या भीर टेकाडात सापडलेल्या साठ्याचा अभ्यास करताना त्यांना दिसले, की नाण्याच्या मागच्या बाजूवर बारीक चिन्हे जितकी जास्त, तितके सरासरी वजन कमी. म्हणजे ती चिन्हे मागाहून, वेळोवेळी तपासणी करणाऱ्यांनी उमटवलेली असावीत. त्यांचे सगळेच निष्कर्ष नाणेतज्ज्ञांनी स्वीकारले नाहीत. पण झीज हे कालमापनाचे साधन होऊ शकते, ही कल्पना त्यांनी पक्की रुजवली.

पुढचा प्रश्न आपोआप आला. ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ पाहावे लागले, म्हणजे संस्कृत आलेच. त्यातून शेकडो हस्तलिखिते ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली निघाली. मग हे ग्रंथ ज्या समाजात लिहिले गेले तो समाज कसा होता, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर पुस्तकात नाही असे दिसल्यावर कोसंबी काठी घेऊन डोंगर चढू लागले. भांडारकर रस्त्यावरच्या घरापासून वेताळ टेकडी लांब नव्हती. तिथे आणि पुढे पुणे जिल्ह्याच्या खोऱ्यांत त्यांना गारगोटीची बारीक अश्मयुगीन हत्यारे सापडत गेली. ती कुठेही विखुरलेली नव्हती, वाटांच्या कडेने मिळत होती. त्याच वाटांवर म्हसोबा, बोल्हाई आणि तुकाई यांची ठाणी होती, आणि काही वाटांनी धनगरांचे कळप अजून जात होते.

यातून त्यांनी जे मांडले ते असे. पाऊस आणि गवत यांच्यामागे माणूस आणि जनावर हजारो वर्षे ठरावीक वाटांनी फिरत आले. वाटा जिथे मिळतात तिथे भेटीगाठी, देवघेव आणि देव. नांगर पुढे आला. धनगराने मोकळ्या रानात मेंढरे बसवायची, शेतकऱ्याने त्या खताच्या बदल्यात धान्य द्यायचे, असा व्यवहार जमला. बौद्ध लेणीही ओसाडीत खोदलेली नाहीत. कार्ले, भाजे आणि जुन्नर घाटवाटांच्या तोंडाशी आहेत. अश्मयुगापासून आजपर्यंत सलग रेघ ओढण्याचे त्यांचे धाडस पुढच्या संशोधकांना खटकले आहे. पण डोंगर, पाऊस आणि कळप हे इतिहासाचे साक्षीदार आहेत आणि त्यांना प्रश्न विचारता येतात, हे आपल्याकडे इतक्या ठामपणे आधी कोणी दाखवले नव्हते.

आता यंत्राकडे येतो. १९४३ साली कोसंबींनी एक गणिती निबंध प्रसिद्ध केला. त्यातला विचार सोप्या भाषेत असा सांगता येईल. एखाद्या गावाच्या पावसाचा दरवर्षीचा आलेख काढला, तर प्रत्येक वर्षाची रेघ वेगळी येते. पण त्या सगळ्या रेघा काही मोजक्या मूळ आकारांच्या कमीअधिक मिश्रणातून उभ्या करता येतात. पहिल्या थोड्या आकारांत बहुतेक सगळी माहिती सामावते. उरलेले सोडून दिले तरी फारसे बिघडत नाही. काही वर्षांनी फिनलंडचे कारुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह स्वतंत्रपणे इथेच पोहोचले. आज हे प्रमेय कोसंबी-कारुनेन-लोएव्ह या नावाने ओळखले जाते. हजारो चेहऱ्यांतून मोजके मूळ चेहरे काढून संगणकाला माणूस ओळखायला शिकवण्याचे प्रयोग याच विचारावर उभे होते. गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी कोसंबी १९४८-४९ मध्ये युनेस्कोची अभ्यासवृत्ती घेऊन इंग्लंड-अमेरिकेतही गेले होते.

इथे मला माझ्या स्मरणिकेचे कोडे सुटले. आजच्या भाषिक प्रणालींची रचना वेगळी आहे, पण वृत्ती याच कुळातली. पुष्कळ वेळा आलेला आकार त्यांच्यापाशी पक्का असतो. देवस्थानांच्या माहात्म्यांत तपस्वी, दुष्काळ आणि शाप पुन्हा पुन्हा येतात, म्हणून मला तेच मिळाले. आमची तुकाई मात्र 'उरलेल्या'त होती. तिच्याबद्दल कोणी कुठे लिहिलेलेच नव्हते. मुख्य आकार ठेवून बाकीचे कसे सोडावे याचे गणित ज्यांनी मांडले, तेच कोसंबी आयुष्याची पुढची वर्षे त्या बाकीच्या गोष्टी वेचत माळावरून फिरले, ही मला त्यांची सर्वांत मोठी शिकवण वाटते.

ही तिहेरी तपासणी त्यांच्या सार्वजनिक मतांतही दिसते. अणुऊर्जेचा सर्वत्र जयघोष चालू असताना, १९६० साली पुण्यातल्या एका भाषणात त्यांनी विचारले, की भरपूर ऊन असलेल्या या देशाने सौरऊर्जेचा विचार आधी का करू नये? ऊन गावोगाव फुकट पोहोचते, हा त्यांचा साधा हिशेब. हे बोलताना ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९४५ पासून पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन ते तिथे काम करत आले होते आणि अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होमी भाभा हेच तिचे संचालक होते.

आणि तराजू एकीकडे झुकला तेव्हा काय झाले, हेही सांगितले पाहिजे. रीमानच्या गृहीतकाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने मिळेल, असा त्यांना भरवसा वाटू लागला. १९५९ साली त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात तसा निबंध छापला. गणितज्ञांना त्यात त्रुटी दिसल्या आणि त्यांच्या नावलौकिकाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेतला त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. २९ जून १९६६ रोजी, साठी गाठण्याआधीच, ते गेले. हजारो नाणी पुन्हा पुन्हा तोलणाऱ्या माणसालाही एकाच साधनावरचा विश्वास फसवू शकतो. मग माझ्यासारख्या घाईतल्या लेखकाचे काय!

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, कळप कोकणाकडे निघतात त्या दिवसांत, आत्याला गाडीत घालून मी ठाण्यावर गेलो. वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या धनगराशी तिचे लगेच जमले. दोघांनी मिळून ओढ्याचे बुजलेले पाणी कुठे होते ते दाखवले. कळप इथे का थांबत, हे मग मला विचारावे लागले नाही. आसपासची अशी ठाणी मी आता नकाशावर मांडतो आहे. अंतरे मोजायला यंत्राचीच मदत घेतो. निष्कर्ष काढण्याइतकी ठाणी अजून झालेली नाहीत.

स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. पण निम्म्याहून अधिक प्रती घरोघर गेल्या होत्या. यंदा नवरात्रात कीर्तनकारबुवांनी तपस्व्याची कथा रंगवून सांगितली आणि लोकांनी हात जोडले. आत्या माझ्या शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. तो तपस्वी मी आणला होता. तो आता लवकर जाणार नाही.