वर्किंग हॉलिडेवर मेलबर्नला पोहोचलात, आता पहिलं काम कसं शोधाल?

फिरायचं, अधूनमधून काम करायचं आणि त्या कमाईवर पुढे निघायचं. ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसात (उपवर्ग ४६२) ही सोय आहे. २०२४ पासून भारतीयांनाही त्यासाठी अर्ज करता येतो. वय १८ ते ३०, दरवर्षी १,००० जागा आणि निवड सोडतीनं. साध्या पर्यटक व्हिसावर मात्र तिथे काम करता येत नाही, त्यामुळे ‘आधी जाऊ, मग बघू’ हा बेत अंगाशी येऊ शकतो.

समजा, व्हिसा मिळाला आणि तुम्ही मेलबर्नला उतरलात. पुढे काय?

पहिला आठवडा कागदपत्रांचा

आधी स्थानिक सिम घ्या, मग बँक खातं उघडा. त्यानंतर टॅक्स फाइल नंबर, म्हणजे टीएफएन. ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावर त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. तो मोफत आहे, मध्यस्थाला पैसे देऊ नका. नंबर यायला २८ दिवसही लागू शकतात. पण तोवर थांबायची गरज नाही, कारण रुजू झाल्यावर तो मालकाला द्यायला २८ दिवसांची मुदत असते. मुदत उलटली तर सर्वांत चढ्या दरानं कर कापला जातो.

राहायला सुरुवातीला हॉस्टेल बरं. प्रत्यक्ष न पाहिलेल्या खोलीसाठी पैसे पाठवू नका.

काम कुठे मिळतं?

कॅफे, हॉटेलांची स्वयंपाकघरं, साफसफाई, गोदामं. मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात ट्राम मोफत आहे. बायोडेटाच्या प्रती घेऊन, जेवणाची गर्दी ओसरल्यावर कॅफेत जा आणि थेट मॅनेजरला भेटा. बायोडेटा एक-दोन पानांचाच ठेवा. फोटो, लग्न, वडिलांचं नाव यांची गरज नाही. दारू वाढायची असेल तर ‘आरएसए’ प्रमाणपत्र लागतं, बांधकामावर ‘व्हाइट कार्ड’. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिनेच काम करता येतं.

किती पगार मिळायला हवा?

१ जुलै २०२५ पासूनचं राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर होतं. कायम नसलेल्या, म्हणजे ‘कॅज्युअल’ कामगाराला त्यावर २५ टक्के जादा, म्हणजे ३१ डॉलरच्या वर. हे दर दरवर्षी जुलैत बदलतात, म्हणून चालू दर तपासून घ्या. पात्र कामगारासाठी मालकाला वेगळी निवृत्तिवेतन रक्कमही भरावी लागते. देश कायमचा सोडल्यावर ती मागता येते, पण या व्हिसाधारकांच्या बाबतीत तिच्यातून ६५ टक्के कर कापला जातो.

फसगत नेमकी कुठे होते?

शिल्लक संपत आली की ‘ताशी १५ डॉलर, रोख’ हेही बरं वाटू लागतं. तिथेच सावध व्हा. पुढील गोष्टी दिसल्या तर सरळ नकार द्या:

- काही दिवस फुकट ‘ट्रायल’. कौशल्य दाखवण्यापुरती थोडा वेळ चाचणी चालते, त्यापुढच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत.
- पासपोर्ट ठेवून घेणं.
- खात्यात पगार जमा करून काही भाग रोख परत मागणं.
- पगाराची स्लिप न देणं. पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसात ती द्यावीच लागते.

ही स्लिप जपून ठेवा. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचं तीन महिन्यांचं काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. शेती किंवा दुर्गम भागातलं पर्यटन अशी ती कामं असतात. रोखीत, नोंदीशिवाय केलेलं काम तिथे दाखवणार कसं?

पैसे बुडाले तर ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ या सरकारी यंत्रणेकडे मोफत दाद मागता येते. परदेशी कामगारालाही किमान वेतनाचा तोच हक्क आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून कामाचे तास रोज लिहून ठेवा आणि मालकाचे मेसेज पुसू नका.

निघताना स्वतःकडे साधारण ५,००० डॉलर असावेत अशी व्हिसाची अपेक्षा असते. ही रक्कम शक्यतो फिरण्यात उडवू नका. पहिलं वाईट काम नाकारायची ताकद तीच देते.