तोंडचं पाणी

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाच्या पोरीला न्यायसहायक मानसशास्त्र शिकायचं तर गाव सोडून नागपूर, मुंबई किंवा गांधीनगर गाठावं लागतं. पण तिथं तिच्यासमोर खोटं पकडण्यासाठी वापरलं जाणारं जे पॉलिग्राफ यंत्र येईल, त्याचा पूर्वज तिच्या घरच्या बांधीतच पिकतो. तो म्हणजे तांदूळ.

आरोपीची पारख करण्यासाठी स्मृतिकारांनी अनेक दिव्यं सांगितली. त्यातलं तंडुलदिव्य फक्त चोरीच्या आरोपासाठी होतं. पांढरे तांदूळ मातीच्या भांड्यात घ्यायचे, त्यात देवाच्या स्नानाचं पाणी घालायचं आणि सूर्यासमोर ठेवून रात्रभर तिथंच राहू द्यायचे. सकाळी आरोपीनं उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून ते चावायचे आणि पिंपळाच्या पानावर थुंकायचे. थुंकीत रक्त दिसलं, टाळू सोलवटली किंवा अंग कापू लागलं, की तो चोर!

मराठेशाहीत रवा दिव्य चाले. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी फोड आलाय का ते पाहायचं. तिथं सगळा भार देवावर. तांदळाच्या दिव्यात मात्र मन शरीरातून बोलतं, असं गृहीत धरलेलं दिसतं, आणि मला ते फार मोठं वाटतं. माणूस घाबरला की लाळ आटते, कोरड्या तोंडात तांदूळ टोचतात. तोंडचं पाणी पळतं ते असं.

मन शरीरातून बोलतं, याच गृहीतावर पुढे पॉलिग्राफही उभा राहिला. हार्वर्डमध्ये ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांनी साक्षीदारांच्या मनाचा अभ्यास मांडला. त्यांचे विद्यार्थी विल्यम मार्स्टन यांनी 1915च्या सुमारास खोटं बोलताना रक्तदाब चढतो का, हे तपासलं. 1921 मध्ये बर्कलेच्या पोलीस खात्यात जॉन लार्सन यांनी रक्तदाबाला श्वासाची नोंद जोडली. त्वचेवरच्या घामाची भर पुढे पडली. पण 1923 मध्येच वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं फ्राय खटल्यात मार्स्टन यांची चाचणी पुरावा म्हणून नाकारली.

या चाचणीतली अडचण जुनीच आहे. यंत्र भीती मोजतं, खोटं नाही. ठाण्यात पहिल्यांदाच बसवलेल्या निरपराध शेतमजुराचीही छाती धडधडते. उलट सराईत गुन्हेगार शांत बसू शकतो. विद्यार्थ्यानं आलेख वाचायला शिकण्याआधी हे शिकावं, असं मला कळकळीनं वाटतं.

भारतात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 2000 मध्ये पॉलिग्राफ चाचणीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या: आरोपीची संमती हवी, ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची आणि त्याला वकिलाची मदत मिळायला हवी. सेल्वी खटल्यात 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या पाळायला सांगितल्या. पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी कुणावरही जबरदस्तीनं करता येणार नाही, कारण संविधानाचं कलम 20(3) कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू देत नाही. आरोपी राजी असला तरी चाचणीचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. तिच्या आधारे पुढं सापडलेली वस्तू वा माहिती मात्र ग्राह्य धरता येते. सालेकशाच्या जंगलपट्टीतल्या माणसाला आपल्याला नकार देता येतो, हे त्याच्याच बोलीत समजावून सांगणारं माणूस ठाण्यात हवं. ही पोरगी शिकून परतली, तर तिनं ते काम आधी हाती घ्यावं.