स्वीडनमधील पार्किंगचे फलक कसे वाचावेत?

पुण्याच्या रस्त्यांवर वाहन चालविणाऱ्यास 'पी-१' आणि 'पी-२' या फलकांची सवय असते. विषम तारखेला पी-१च्या बाजूस आणि सम तारखेला पी-२च्या बाजूस गाडी लावायची, एवढा हिशेब पुरतो. हाच चालक स्वीडनमध्ये गेला आणि हीच सवय त्याने तेथे वापरली, तर गाडी नेमकी चुकीच्या बाजूस उभी राहते. कारण तेथील आकडा गाडी कोठे लावावी हे न सांगता, ती कोठे लावू नये हे सांगतो.

एसकेएफ, सँडविक, अॅटलास कॉप्को यांसारख्या स्वीडिश कंपन्यांशी पुणे परिसराचा जुना संबंध आहे. नोकरीच्या निमित्ताने तिकडे जाणाऱ्या कुटुंबांना भारतीय परवान्यावर गाडी चालविता येते. मात्र तेथील लोकसंख्या नोंदणीत नाव दाखल झाल्यापासून एक वर्षानंतर तो परवाना ग्राह्य धरला जात नाही. या काळात अडचण येते ती प्रामुख्याने गाडी उभी करताना. फलकावरील भाषा स्वीडिश असली, तरी त्यातील बराच आशय शब्दांत नसून आकड्यांच्या मांडणीत असतो. ती मांडणी समजली, की मोजक्या शब्दांवर काम भागते.

मूळ चिन्हे

निळ्या वर्तुळास लाल कडा आणि एक तिरपी लाल रेघ, म्हणजे पार्किंगला मनाई. प्रवासी उतरविणे किंवा सामान चढविणे-उतरविणे यासाठी थांबता येते. दोन रेघांची फुली असल्यास थांबण्यासही मनाई असते. ही दोन्ही चिन्हे भारतातील चिन्हांसारखीच आहेत. निळ्या चौकोनातील पांढरा 'पी' म्हणजे परवानगी. मनाई फलक असलेल्या बाजूपुरती आणि सर्वसाधारणपणे पुढील चौकापर्यंत लागू असते. ती कोठे सुरू होते व संपते हे खालच्या पट्टीवरील बाण दाखवितात.

कंस आणि लाल रंग

चिन्हाखालच्या पट्टीवर वाराचे नाव न देता '८–१८' असे आकडे असतात. काळे किंवा पांढरे, कंस नसलेले आकडे सोमवार ते शुक्रवारसाठी असतात. कंसातील आकडे शनिवारचे, तर लाल आकडे रविवार व सार्वजनिक सुट्यांचे. समजा, 'पी'च्या खाली शुल्काच्या शब्दासह '८–१८ (८–१५)' असे लिहिले आहे. याचा अर्थ, सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते सायंकाळी सहा आणि शनिवारी आठ ते दुपारी तीन या वेळेत शुल्क द्यावे लागते. लाल आकडा नसल्याने रविवारी शुल्क नाही.

येथे एक बारकावा आहे. कंसाचा नेमका अर्थ 'रविवारच्या किंवा सार्वजनिक सुटीच्या आदला कामाचा दिवस' असा आहे. स्वीडनमध्ये ६ जून हा राष्ट्रीय दिन २००५पासून सुटीचा दिवस आहे. त्यामुळे ५ जूनला बुधवार असला, तरी त्या दिवशी कंसातील वेळ लागू होते.

नेहमी दिसणारे शब्द

हे शब्द येथे अक्षरांनुसार दिले आहेत. स्वीडिश उच्चार वेगळे असतात. 'अवगिफ्ट' म्हणजे शुल्क. 'बोएंडे' म्हणजे परवानाधारक स्थानिक रहिवासी. 'लास्टप्लाट्स' म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याची जागा. 'टिम' म्हणजे तास. '२ टिम' म्हणजे जास्तीत जास्त दोन तास. 'पी-स्किवा' म्हणजे पार्किंगची तबकडी. आगमनानंतरच्या पुढील अर्ध्या किंवा पूर्ण तासावर तिचा काटा लावून ती काचेमागे ठेवावी लागते. दहा वाजून दहा मिनिटांनी आलेला चालक काटा साडेदहावर लावतो.

वारांची नावे 'डाग'ने संपतात. मनाईच्या चिन्हाखाली 'टिसडाग ०–६' असल्यास मंगळवारी मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत रस्ता रिकामा हवा. ही वेळ रस्ता झाडण्यासाठी किंवा बर्फ हटविण्यासाठी राखलेली असते. सोमवारी संध्याकाळी गाडी लावून झोपी गेलेला चालक येथेच फसतो. त्याच खांबावर 'पी' असला, तरी तेवढ्या वेळेपुरती मनाईच खरी.

सम-विषम तारखा

मनाईच्या वर्तुळातील एक उभी पांढरी रेघ विषम तारखेची आणि दोन रेघा सम तारखेची मनाई दर्शवितात. 'डाटुमपार्केरिंग' असलेल्या रस्त्यांवर सम तारखेला सम घरक्रमांकाच्या बाजूस आणि विषम तारखेला विषम क्रमांकाच्या बाजूस गाडी लावता येत नाही. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते. दोन्ही विषम असल्याने विषम क्रमांकाच्या बाजूस सलग दोन दिवस मनाई राहते.

फलक नसतानाही

काही नियमांना फलक लागत नाही. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे दहा मीटर आणि चौकापासून दहा मीटरच्या आत गाडी थांबविता येत नाही. वेगळी सूचना नसल्यास सार्वजनिक रस्त्यावर सोमवार ते शुक्रवार सलग चोवीस तासांहून अधिक काळ गाडी ठेवता येत नाही. सुटीचा दिवस आणि त्याचा आदला दिवस यांना ही मर्यादा नाही.

दंड कोणाचा?

सार्वजनिक रस्त्यावरील आकारणीची जबाबदारी गाडीच्या नोंदणीकृत मालकावर असते. मित्राची गाडी चुकीच्या जागी लावल्यास भुर्दंड मित्राला पडतो. आकारणी अमान्य असल्यास पोलिसांकडे आक्षेप घेता येतो. तरी रक्कम मुदतीत भरावीच लागते आणि आक्षेप मान्य झाल्यास ती परत मिळते. खासगी जागेतील आकारणीस 'कंट्रोलअवगिफ्ट' म्हणतात. तिच्याबाबतचा आक्षेप ती आकारणाऱ्या कंपनीकडे नोंदवावा लागतो. त्यामुळे हाती पडलेल्या कागदावर कोणता शब्द आहे, हे प्रथम पाहावे.

गाडीला कुलूप लावण्यापूर्वी खांबावरील सर्व पट्ट्या वरून खाली वाचाव्यात आणि तीन गोष्टी तपासाव्यात : आजची तारीख, मध्यरात्रीनंतरची तारीख आणि उद्या सुटी आहे की नाही.