मूत्रपिंडाचा रोग, डोळ्याची साक्ष

मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत गेली की दृष्टी का मंदावते, या प्रश्नाचा इतिहास चाळताना मला एका गोष्टीचे नवल वाटले. ज्या अवयवात रोग, तो वैद्यांच्या नजरेआड होता. त्याच्या खुणा दिसल्या त्या डोळ्यात.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरील सूज, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि शवविच्छेदनात आढळणारी बिघडलेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायची. गढुळली की प्रथिन आहे असे समजायचे. यांपैकी काहींची दृष्टी जाते, हेही लक्षात येऊ लागले. पण जिवंत माणसाच्या डोळ्यात आतवर डोकावणार कसे? १८५० मध्ये व्हिएन्नाच्या लुडविग ट्यूर्क यांना दृष्टिपटलातील बिघाड दिसला, तोही मृत्यूनंतर.

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑप्थॅल्मोस्कोपचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ही अडचण दूर झाली. १८५९ मध्ये रिचर्ड लीब्राइख यांनी या रोग्यांच्या दृष्टिपटलातील बदलांचे तपशीलवार वर्णन केले. रक्तस्रावाचे ठिपके, पांढुरके डाग, मध्यभागी चांदणीसारखी नक्षी ही लक्षणे पुढे सर्वपरिचित झाली. अंधूक दिसते म्हणून आलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाचा रोग आता नेत्रवैद्यालाही ओळखता येऊ लागला.

या विकाराला ‘अल्ब्युमिन्युरिक रेटिनायटिस’ म्हणू लागले. माझ्या मते या नावाने दिशाभूल केली, कारण त्यात दोष प्रथिनाकडे जातो. १८७६ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी दृष्टिपटलातील आक्रसलेल्या धमन्यांचा संबंध रक्ताच्या वाढलेल्या ताणाशी जोडला. तेव्हा हा ताण नाडीवरूनच अजमावत. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रीवा-रोची यांचे साधन १८९६ मध्ये आले.

आज कार्यकारणभाव पुष्कळसा उलगडला आहे. निकामी मूत्रपिंडांमुळे मीठ-पाणी शरीरात साठते, रक्तदाब चढतो आणि दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. कॅल्शियम-फॉस्फेटचा तोल बिघडल्यास डोळ्याच्या पांढऱ्या भागावर क्षार साचून डोळे लाल होतात. मधुमेह तर मूत्रपिंड आणि दृष्टिपटल दोन्ही पोखरतो.

लीब्राइखच्या काळी वैद्याला रोग दिसे, पण हाती उपाय नसे. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समधील कांपेन येथे कृत्रिम मूत्रपिंड रोग्यावर वापरले, तेव्हा परिस्थिती बदलू लागली. मूत्रपिंडाच्या रोग्याने दृष्टिपटल तपासून घ्यावे ते म्हणूनच: तिथे दिसलेल्या खुणांवर आता वेळेत इलाज करता येतो.