मानमोडी : आपल्या भागातली सर्वात मोठी साथ आणि रजिस्टरातला 'ताप'

पाऊस लागला की परतवाड्यात एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं. "काही नाही भाऊ, वायरल हाय." घरात एकाला झालं की आठ दिवसांत चौघांना होतं. मग डोक्यात चक्र सुरू. साधा फ्लू आहे की स्वाईन फ्लू? पोराला शाळेत पाठवायचं का? आईला शुगर आहे, तिला लागला तर? तपासणीत काही निघालं तर मोहल्ल्यात काय म्हणतील? मास्क लावावा तर लोक हासतात, नाही लावावा तर बाजूचाच खोकलून राहिला.

ही काळजी काही आजची नाही. आपल्या वऱ्हाडानं फ्लूची जी साथ पाहिली, तिच्यापुढं कोरोनाचा आकडाही लहान वाटावा. जुनी माणसं तिला 'मानमोडी' म्हणत. साल 1918.

त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. पहिलं महायुद्ध सुरू होतं, जहाजांतून सैनिकांची ये-जा होती. पहिली लाट तशी सौम्य होती. तीन-चार दिवस ताप, अंगदुखी, मग माणूस उठून कामाला. लोकांना वाटलं, गेलं. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि तिनं माणसं मारली. एकट्या मुंबई शहरात 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी 768 मृत्यू नोंदले गेले.

तिथून साथ देशात आत सरकली. मुंबई-नागपूर रेल्वे आपल्या भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरूनच जाते. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी छोटी गाडी, जिला आपण प्रेमानं शकुंतला म्हणतो, ती त्याआधी काही वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. कापूस नेणारी गाडी माणसंही नेत-आणत होती. त्यात 1918 चा पाऊस दगा देऊन गेलेला, युद्धामुळं धान्य महागलेलं. अर्धपोटी माणसाला ताप आला, की उठणं अवघड. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वाधिक मार खाल्लेल्या प्रांतांपैकी एक ठरला. देशात अनेक ठिकाणी सरणाला लाकडं पुरली नाहीत आणि प्रेतं नदीत सोडावी लागली, असं त्या वेळच्या सरकारी अहवालांत आहे. लाकडाच्या बाजारपेठेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य जरा थांबून वाचावं.

आता मुद्द्यावर येतो.

कुणबी नोंदींच्या शोधामुळं 'कोतवाल बुक' हा शब्द आता सगळ्यांना माहीत झाला आहे. गावातले जन्म-मृत्यू लिहायची ती जुनी वही. जात पडताळणीसाठी लोक तिची नक्कल काढतात, आजोबा-पणजोबांचं नाव आणि जात शोधतात. मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो, तिकडं सहसा कोणी पाहत नाही. 1918 साली देशभरातल्या गावोगावच्या रजिस्टरांत त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द पडला : ताप.

मलेरिया, टायफॉईड, न्यूमोनिया, फ्लू, सगळं 'ताप'. कोतवालाचा त्यात दोष नाही. तो काही डॉक्टर नव्हता, आणि डॉक्टरांनाही हा रोग कळत नव्हता. फ्लूचा विषाणू माणसात सापडला 1933 मध्ये. पण परिणाम असा झाला, की फ्लूनं नेमके किती गेले हे मोजायला दुसरा मार्गच उरला नाही. इतर वर्षांत 'तापा'नं किती मरत, 1918 मध्ये किती मेले, ती वजाबाकी करा आणि उत्तर काढा. सुरुवातीला सरकारनं आकडा सुमारे 60 लाख सांगितला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज देशभरासाठी सव्वा ते पावणेदोन कोटींपर्यंत जातात. मधली कित्येक लाख माणसं एका शब्दात गडप झाली.

जनगणना मात्र लपवू शकली नाही. आजच्या भारताच्या हद्दीत 1911 ला 25.21 कोटी लोक होते, 1921 ला 25.13 कोटी. दहा वर्षांत लोकसंख्या घटली, असं आपल्या जनगणनेच्या इतिहासात एकदाच झालं.

याच्याशी प्लेगची तुलना करा. 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1897 ला सरकारनं साथरोग कायदा केला, घरोघर तपासण्या झाल्या, लोकांनी गावं सोडली, पुण्यात रँडचा खून झाला. प्लेगला नाव होतं, म्हणून त्याची भीतीही होती आणि आठवणही राहिली. मानमोडीनं तीन-चार महिन्यांत प्लेगच्या वीस वर्षांहून जास्त माणसं नेली, पण तो 'ताप' होता. त्यामुळं ती ना शाळेच्या पुस्तकात धड आली, ना गावाच्या बोलण्यात उरली.

मेले कोण? म्हातारे आणि लहान मुलं तर होतीच, पण सर्वात वेगळी गोष्ट म्हणजे वीस ते चाळीस वयातली धडधाकट माणसं गेली. आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. समजायला अवघड नाही. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी जेवायची ती, आणि स्वतःला ताप असताना घरातल्या तापलेल्यांची शुश्रूषा करायचीही तीच. आजही घरात आधी कोणाचा ताप मोजला जातो आणि कोणाचा मोजलाच जात नाही, हे आपापल्या घरी पाहा.

पुढचा प्रवास आपल्याला माहीत आहे. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद, मास्क काळ्याबाजारात. तोच विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये सामील आहे. आणि फेब्रुवारी 2021 विसरण्यासारखा नाही. राज्यात दुसऱ्या लाटेची चाहूल आपल्या जिल्ह्यात लागली आणि 22 तारखेपासून अमरावतीसोबत आपलं अचलपूर शहरही लॉकडाऊनमध्ये गेलं. तेव्हाही चहाच्या टपरीवर लोक म्हणत होते, "आकडे फुगवून राहिले." आकडे दिसत होते म्हणून निदान भांडता तरी येत होतं. 1918 च्या लोकांकडं तेही नव्हतं.

म्हणून मला भीती फ्लूची कमी आणि 'वायरल हाय' या शब्दाची जास्त वाटते. हा आजचा 'ताप' आहे. प्रत्येक तापाची तपासणी करा असं मी म्हणत नाही. सौम्य फ्लूला तपासणी लागतही नाही, सरकारचे नियमही तेच सांगतात. आराम, पाणी, पॅरासिटामॉल, तीन-चार दिवस घरी. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, त्यामुळं मेडिकलवर जाऊन "स्ट्राँगवाली गोळी द्या" म्हणण्यात अर्थ नाही. सलाईन लावल्यानं फ्लू लवकर जात नाही. पण गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचं माणूस, शुगर, दमा, हृदयाचा त्रास असलेला, यांनी पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठावा. ऑसेल्टामिविर हे औषध 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, थुंकीत रक्त, गुंगी, यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नये. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, ज्यांना जोखीम आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

आणि प्रशासनाकडं एकच मागणी. दवाखान्यांतून तापाच्या रुग्णांची माहिती वर जातेच. ती आठवड्यातून एकदा खालीही येऊ द्या. किती तापाचे, किती तपासले, किती फ्लूचे निघाले, तीन ओळी नगर परिषदेच्या फलकावर लिहा. आकडा समजला की माणूस कमी घाबरतो आणि जास्त जपतो. नाही समजला की अफवा चालते.

तुमच्या घरी कोणी म्हाताऱ्या माणसानं मानमोडीची गोष्ट सांगितली असेल, तर खाली नक्की लिहा, गावाच्या नावासकट. आणि पुढच्या वेळी कोतवाल बुकाची नक्कल काढाल, तेव्हा जातीच्या रकान्यासोबत मृत्यूच्या कारणाचा रकानाही वाचा. 1918 च्या पानावर 'ताप' दिसला, तर तो बहुतेक साधा ताप नव्हता.