1905 साल आलं कुठून? : एका नूडल्सची आणि एका पाटीची गोष्ट

कोरियन मालिका बघत असाल तर काळ्या सॉसमधले नूडल्स तुम्ही नक्की पाहिले असतील. नव्या घरात सामान लावायच्या आधी लोक जमिनीवर बसून खातात, तेच. नाव जाजांगम्यॉन. कोरियात हे ‘चिनी’ जेवण मानतात आणि ते साध्या, स्वस्त कोरियन-चिनी उपाहारगृहांत मिळतं. त्याच्या इतिहासात आपल्या कामाचा एक धडा आहे.

आधी पक्कं काय ते बघू. 1883 मध्ये इंचॉन बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि 1884 मध्ये तिथे चिनी वसाहत वसली. समुद्रापलीकडच्या शांडोंग प्रांतातून व्यापारी आणि मजूर आले. सोयाबीनची खारट पेस्ट परतून नूडल्सवर घालायची त्यांची पद्धतही सोबत आली.

आता दावा बघा. इंचॉनच्या ‘गोंगह्वाचुन’ या उपाहारगृहात 1905 मध्ये जाजांगम्यॉन पहिल्यांदा विकलं गेलं, असं जागोजागी लिहिलेलं असतं. 2005 मध्ये इंचॉनमध्ये शताब्दीही साजरी झाली. तुम्ही हे साल प्रबंधात लिहाल?

जरा थांबा, आधी पाटी वाचा. ‘गोंगह्वा’ म्हणजे प्रजासत्ताक, ‘चुन’ म्हणजे वसंत. चीनचं प्रजासत्ताक 1 जानेवारी 1912 ला स्थापन झालं. 1905 मध्ये तिथे छिंग घराण्याचं राज्य होतं. मग प्रजासत्ताकाच्या नावाची पाटी तेव्हा कशी असेल? ही इमारतसुद्धा 1908 च्या सुमाराची. आधी तिचं नाव होतं ‘शांडोंग ह्वेग्वान’, तिथे व्यापाऱ्यांच्या राहण्याजेवणाची सोय होती.

पण इथे घाई करू नका. यावरून 1905 मध्ये हा पदार्थ नव्हताच, असं सिद्ध होत नाही. गोदीवरचे मजूर तो त्याआधीही खात असतील. ‘या नावाच्या दुकानात, त्या साली’ एवढंच विधान पडतं. पदार्थाचं वय आणि दुकानाचं वय हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तिसराही प्रश्न आहे, तो म्हणजे कुठलं जाजांगम्यॉन? आजचा काळा, गोडसर सॉस ‘छुंजांग’चा. या पेस्टमध्ये कॅरॅमल घालायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकाच्या मध्याला. 1950-53 च्या युद्धानंतर अमेरिकेच्या मदतीतून गव्हाचं पीठ आलं. पुढे तांदूळ वाचवायला सरकारनेही पिठाचे पदार्थ खाण्याचा आग्रह धरला. तेव्हा कुठे हे जेवण घरोघरी पोहोचलं.

हे मी का सांगतोय? पहिल्या वर्षी मी एक आकडा तीन संदर्भ देऊन लिहिला होता. गाइडनी विचारलं, “मूळ मोजमाप कुणाचं?” शोधलं तर तिन्ही पेपरांनी तो एकाच रिव्ह्यूमधून उचललेला, आणि त्या रिव्ह्यूत मोजमापच नाही! त्या आकड्यावर उभं केलेलं दोन महिन्यांचं गणित पुन्हा करावं लागलं.

गोंगह्वाचुनच्या जुन्या इमारतीत 2012 पासून जाजांगम्यॉनचं संग्रहालय आहे. कधी गेलात तर नूडल्स जरूर खा. पण कुठलंही साल वहीत उतरवण्याआधी विचारा, हे पहिल्यांदा कुणी लिहिलं आणि त्याला ते कशावरून कळलं?